वाळूची पिंड : कोकणातल्या प्रेमकथेत धार्मिक संदर्भ कसा आणावा

नव्याने लिहू लागलेल्यांच्या प्रेमकथा वाचताना एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा समोर येते: ‘पार्वतीने शंकरासाठी केली होती, तशीच तपश्चर्या ती त्याच्यासाठी करत होती.’ वाक्य शुद्ध असते, भावनाही खोटी नसते, तरी ते वाचून मनात काही हलत नाही, कारण पार्वती आठवलेली असते ती लेखकाला. कथेतली मुलगी त्या वेळी कणकवलीच्या एसटी स्टँडवर भिजलेली छत्री झटकत उभी असते आणि तिला शंकर-पार्वती आठवावेत असे कारण कथेत कुठेच सापडत नाही. संदर्भ पात्राच्या हाताशी असला पाहिजे, लेखकाच्या नव्हे, हे माझे म्हणणे आहे आणि पुढच्या साऱ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच सांगितल्या आहेत.

उदाहरण म्हणून माझ्या एका चालू कथेचा मसुदा शेवटपर्यंत सोबत ठेवतो. मालवण तालुक्यातले एक काल्पनिक गाव, महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली 19 वर्षांची तन्वी, मामाच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणारा 21 वर्षांचा केदार आणि तन्वीची मैत्रीण सायली, अशी त्यातली माणसे आहेत. दोघांचे जुळलेले आहे, घरी कोणाला सांगितलेले नाही आणि तन्वीसाठी मुंबईहून एक स्थळ चालून आलेले आहे.

प्रेमकथेत देवाधर्म आणणे हा आपल्या भाषेत काही नवा प्रयोग नव्हे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत शेतामळ्यांतल्या स्त्रीपुरुषांच्या प्रेमाच्या सुमारे सातशे गाथा आहेत आणि तिची पहिलीच गाथा शंकराला वंदन करणारी आहे. मात्र ते वंदन कसे आहे, हे पाहण्यासारखे आहे. शंकर संध्येचे अर्घ्य देत आहे, त्याच्या ओंजळीतल्या पाण्यात गौरीचा रागाने लाल झालेला चेहरा उमटला आहे आणि त्यामुळे त्या पाण्यात अर्घ्याचे कमळच असल्यासारखे वाटते आहे. संध्या ही गौरीला सवत वाटते, असा त्यातला गर्भित अर्थ. म्हणजे मंगलाचरणातच मत्सर आला, आणि तो उपमा देऊन आलेला नाही. तो ओंजळभर पाण्यात दिसला. पुढे ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांत वाट उलटी झाली आणि प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे शब्द विठ्ठलासाठी वापरले गेले. मराठी वाचकाला हा रस्ता दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे, त्यामुळे त्याला संदर्भ समजावून सांगत बसण्याची गरज नसते.

पहिली पायरी: हा संदर्भ कोणाचा, ते ठरवावे

संदर्भ तीन ठिकाणी असू शकतो. पात्राला तो ठाऊक असतो आणि ते त्याचा उपयोग करते. किंवा पात्राला ठाऊक नसतो, पण निवेदकाला असतो. किंवा दोघेही गप्प असतात आणि केवळ वाचकाला तो जाणवतो. तिसरा प्रकार सर्वांत परिणामकारक आणि दुसरा सर्वांत धोक्याचा. निवेदक पात्रापेक्षा शहाणा झाला की प्रेमकथेची कीर्तनातल्यासारखी दृष्टांतकथा होते. मसुद्याच्या समासात प्रत्येक संदर्भापुढे ‘पा’, ‘नि’ किंवा ‘वा’ असे अक्षर लिहावे. ‘नि’ची संख्या वाढलेली दिसली तर आपण कथा न सांगता निरूपण करतो आहोत, हे उमगते.

नावांचे येथेच उरकून टाकू. नायिकेचे नाव वैदेही आणि नायकाचे राघव ठेवले, की वाचक पहिल्याच पानावर वनवासाची वाट पाहू लागतो. नाव हा सर्वांत स्वस्त संदर्भ आहे. ठेवायचाच असेल तर तो घरातल्या कोणाच्या तरी इच्छेतून आलेला असावा: आजीच्या नवसाचा म्हणून मुलाचे नाव कुणकेश्वरावरून ठेवले आणि वर्गात त्याला ‘कुणक्या’ म्हणतात, एवढे असले तरी नावाला माणूस चिकटतो.

दुसरी पायरी: तिथींची वही करावी

कोकणातले प्रेम पंचांगावर चालते, असे मी थट्टेने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे. मुलामुलींना एकमेकांसमोर येण्याची मुभा असते ती जत्रेत, गणपतीत, शिमग्यात. आणि मुंबईचा चाकरमानी मुलगा असेल तर त्याचा मुक्काम रेल्वेच्या परतीच्या तिकिटापुरताच असतो. म्हणून कथेला हात घालण्यापूर्वी एका वहीत तीन रकाने आखावेत: तिथी, त्या दिवशी गावात काय चालते, आणि समुद्रावर काय चालते. तिसरा रकाना लोक विसरतात आणि किनाऱ्यावरची कथा तिथेच फसते.

वटपौर्णिमा ज्येष्ठातली, बहुतेक वर्षी जूनमध्ये येणारी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीला बंदी असते; होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि खलाशी घरी असतो. म्हणजे ज्या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी वडाला सूत गुंडाळतात, त्या दिवशी नवरा ओटीवर बसून जाळे विणत असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो. हरतालिका येते भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे होड्या समुद्रात गेल्यानंतर. सुरक्षित घरी बसलेल्या नवऱ्यासाठी वटपौर्णिमा आणि दर्यावर गेलेल्या मुलासाठी, ज्याचे नावही घेता येत नाही त्याच्यासाठी, हरतालिका: ही विसंगती मला कोणत्याही ग्रंथात मिळाली नसती, ती वहीतल्या तिसऱ्या रकान्याने दिली.

वही न करण्याची शिक्षा मी भोगलेली आहे. एका जुन्या कथेत मी हरतालिकेच्या जागरणाच्या रात्री, बारा वाजता, अंगणात टिपूर चांदणे पाडले होते आणि त्या चांदण्यात नायिका कुंपणापाशी उभी होती. कथा छापून आली आणि वेंगुर्ल्याकडच्या एका वृद्ध वाचकाने एका ओळीचे पोस्टकार्ड पाठवले: ‘तृतीयेचा चंद्र रात्री बारापर्यंत थांबवून ठेवल्याबद्दल अभिनंदन.’ तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांत मावळते, हे माझ्या घरातल्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. तेव्हापासून चंद्राची आणि भरतीची नोंद केल्याशिवाय मी रात्रीचा प्रसंग लिहीत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पुळणीवर दोघांना बसवायचे असेल तर त्या घटकेला तिथे कोरडी वाळू आहे का, हे आधी पाहावे लागते.

वहीत याशिवाय असावे ते तुळशीचे लग्न, कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे, कारण त्यानंतर माणसांच्या लग्नांचे मुहूर्त उघडतात आणि स्थळे बघण्याची घाई सुरू होते. नव्या सुनेचा गौरीचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपातून वाण देण्याचा विधी. शिमग्याची पालखी, जी रत्नागिरीकडे घरोघर जाते. आणि मकरसंक्रांतीचा मार्लेश्वर. संगमेश्वर तालुक्यातल्या मारळच्या या देवाचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी दरवर्षी संक्रांतीला लग्न लागते. त्याच वधूला तोच वर दरवर्षी नव्याने वरतो. ज्या मुलीचे लग्न एकदाच आणि भलत्याशीच लागणार आहे, तिला त्या गर्दीत उभे केले तर तिच्या तोंडी एकही शब्द घालावा लागत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मात्र ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. भेटीचा दिवस देवाच्या होकारावर अडकलेला असणे ही प्रेमकथेसाठी आयती अडचण आहे आणि तिचा उपयोग फारच थोड्यांनी केला आहे.

तिसरी पायरी: पोथी मुळातून वाचावी आणि न बोललेला भाग शोधावा

सर्व पायऱ्यांत ही महत्त्वाची, म्हणून येथे थोडे थांबतो. व्रतांच्या कथा आपल्याला ऐकून ठाऊक असतात आणि ऐकलेल्या कथेत बोधाचा भाग तेवढा उरतो. पोथी उघडली की गोष्ट निराळीच निघते.

हरतालिकेचेच घ्या. चांगला नवरा मिळावा म्हणून मुलींनी करायचे व्रत, एवढे सर्वांना माहीत असते. पोथीतली गोष्ट अशी आहे की नारदाच्या सांगण्यावरून हिमवानाने पार्वती विष्णूला देण्याचे ठरवले, पार्वतीला ते मान्य नव्हते, तिने हे सखीला सांगितले आणि सखीने तिला घरातून काढून दाट अरण्यात नेले. तिथे नदीकाठी तिने वाळूचे शिवलिंग करून पूजा केली, रात्र जागवली आणि शंकर प्रसन्न झाला. बाप शोधत आला तेव्हा तिने घरी परतण्याची अट घातली की आपल्याला शंकरालाच द्यावे. ‘आलिभिर्हरिता यस्मात्’ असे व्रताच्या नावाचे स्पष्टीकरण पोथीच देते: आली म्हणजे सखी, आणि सख्यांनी हरण केलेली ती हरितालिका. म्हणजे आईच्या देखरेखीखाली, आईने आणून दिलेल्या फुलापत्रींनी मुलगी जे व्रत करते, त्याची कथा बापाने ठरवलेले स्थळ नाकारून मैत्रिणीच्या मदतीने पळालेल्या मुलीची आहे. दरवर्षी ती मोठ्याने वाचली जाते आणि कोणी चमकत नाही. माझ्या मसुद्यातली सायली आधी केवळ निरोप पोचवणारी होती. पोथी वाचल्यावर ती कथेचा कणा झाली.

दुसऱ्या दिवशीची चतुर्थीही अशीच. त्या रात्री चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, हे कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामागची स्यमंतक मण्याची कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे: सत्राजिताचा मणी हरवतो, संशय कृष्णावर येतो, तो माग काढत जांबवानाच्या गुहेत पोचतो, 28 दिवस झुंज होते, जांबवान मण्यासह आपली मुलगी जांबवती त्याला देतो, आणि खोटा आळ घेतल्याची लाज वाटून सत्राजित सत्यभामा देतो. आळाची गोष्ट दोन लग्नांवर जाऊन थांबते. गावात ज्यांच्याविषयी अजून काही घडलेले नसतानाच कुजबुज सुरू झाली आहे, अशा दोघांसाठी यापेक्षा नेमकी कथा शोधून सापडणार नाही. मुलगी चंद्राकडे मान वर करून बघते आणि मुलगा तिचे डोळे झाकायला जातो, एवढ्या हालचालीत सगळे येते.

रुक्मिणीचे पत्र भागवतातल्या सात श्लोकांचे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देणार असतो आणि ती ब्राह्मणाकरवी कृष्णाला पत्र पाठवते. त्यात प्रेमाच्या ग्वाहीइतकीच योजना आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला वधू नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला ने, असे ती ठिकाण आणि वेळेसह कळवते. एकनाथांनी 1571 साली काशीत रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केले, आणि लग्न जमावे म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करण्याची रीत आपल्याकडे आहे. मुलीचे स्थळ जमावे म्हणून आईच ही पोथी तिच्या हाती देते, याहून मोठी गंमत लेखकाला रचता येणार नाही. मुंबईचे स्थळ आल्यावर तन्वीची आई तेच करते.

सावित्रीबाबत नवरा परत आणल्याचे सर्वांना आठवते. तिने तो स्वतः निवडला होता, नारदाने त्याला एकच वर्ष उरले आहे असे सांगूनही तिने निवड बदलली नाही, हा महाभारतातला भाग तरुण प्रेमाच्या कथेला अधिक जवळचा आहे. तुळशीच्या लग्नामागे वृंदेची कथा आहे आणि ती अवघड आहे. विष्णूने तिच्या पतीचे, जालंधराचे, रूप घेऊन तिला फसवले आणि तिने शाप दिला. आज मित्राच्या मोबाइलवरून त्याच्या नावाने मुलीला निरोप पाठवणारा मुलगा लिहायचा असेल तर ही कथा हाताशी आहे. मात्र ज्या अंगणात ऊस, चिंचा आणि आवळे ठेवून हौसेने लग्न लावले जाते, त्या अंगणात ती मोठ्याने उच्चारू नये. वाचकाला आठवली तर आठवली.

चौथी पायरी: संदर्भ वस्तूत उतरवावा

न बोललेला भाग सापडला की तो बोलून दाखवण्याचा मोह होतो. तो टाळण्याचा उपाय म्हणजे संदर्भाला एका वस्तूत उतरवून ती वस्तू पात्राच्या हाती देणे. माझ्या मसुद्यातली वस्तू वाळू आहे. प्रसंग असा लिहिला आहे:

‘तन्वीने टोपातली वाळू पाटावर ओतली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून पिंड करायला घेतली. आईने समई पुढे सरकवताना नाक आक्रसले.

“रेव खंयसून हाडलंस गो?”

“जेटीकडसून.”

“वास येता.”

वासाचे तन्वीला सकाळीच कळले होते. ट्रॉलर लावतात तिथल्या वाळूत डिझेल उतरते. घरामागची पुळण जवळ असताना ती इतके लांब गेली होती, हे सायलीला ठाऊक होते. काकू कथा वाचू लागल्या. सखीने हरण केले म्हणून, या ठिकाणी त्या चष्मा पुसायला थांबल्या, तेव्हा सायली पिंडीत रुतलेला शिंपल्याचा तुकडा नखाने काढत होती. तिने वर पाहिले नाही.’

या उताऱ्यात पार्वतीचे नाव नाही, केदारचेही नाही. ट्रॉलर समुद्रात आहे आणि तो जिथून गेला तिथली वाळू पुजली जात आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘जणू त्याच्याच पायाखालची वाळू’ असे एक वाक्य घातले होते. ते नंतर काढले. डिझेलचा वास पुरेसा होता.

अशा वस्तू कोकणात पावलोपावली आहेत. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. रात्री चोरून भेटून परतणाऱ्या दोघांना वाटेत देव भेटेल ही भीती आणि तोच सांभाळून नेईल हा भरवसा एकाच वेळी वाटू शकतो. चपलांचा नवीन जोड घेऊन देवळात उभ्या असलेल्या मुलाला कोणी विचारू नये की नवस कसला होता.

पाचवी पायरी: गाऱ्हाणे आणि कौल

सिंधुदुर्गात देवाशी बोलण्याची ठरलेली रीत आहे. देवळात किंवा घरातल्या कार्यात गाऱ्हाणे घालणारा ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो, एकेक मागणे उच्चारतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. प्रेमकथेच्या दृष्टीने यातली मेख अशी आहे की गाऱ्हाणे सार्वजनिक असते. ज्याला खासगी मागणे आहे त्याला ते तिथे घालता येत नाही, पण ‘व्हय म्हाराजा’ मात्र म्हणावे लागते. तन्वीचे वडील ‘हेच्या मनातला काय आसात ता पुरा कर’ असे मोघम मागतात आणि सर्वांबरोबर तन्वीही होकार भरते. वाचकाला तेवढ्यावर कळते.

कौल लावताना मूर्तीला तांदूळ, फुले किंवा कळ्या लावून प्रश्न विचारला जातो आणि कोणत्या बाजूचा कौल पडतो त्यावरून उत्तर समजतात. उजवे-डावे, फुले किती, लावतो कोण, हे गावागणिक बदलते, म्हणून ज्या गावावरून आपले काल्पनिक गाव बेतले असेल तिथली रीत तिथल्या गुरवाला विचारून घ्यावी आणि दुसऱ्या गावाची रीत त्यात मिसळू नये. कथानकाच्या दृष्टीने कौलाचे उत्तर गौण असते. प्रश्न कोण विचारतो आणि कोणत्या शब्दांत, यात खरे नाट्य असते. माझ्या मसुद्यात केदारचा मामा दुसरी होडी घ्यावी का, असा प्रश्न घालतो. मागे उभा असलेला केदार मनातल्या मनात आपला प्रश्न त्याच कौलाला जोडून देतो. कौल उजवा पडतो, मामा खूश होतो, आणि देवाने नक्की कोणत्या प्रश्नाला होकार दिला, हे केदारला कळायला मार्ग राहत नाही.

देवाने दिलेल्या उत्तरावर कथा सोडवू मात्र नये. कौल उजवा पडला म्हणून लग्न झाले, अशी कथा भाविकाला पटेल, पण त्यात दोघांनी काही केलेले नसते.

सहावी पायरी: गावात त्या संदर्भाचा सूर कोणता, ते ऐकावे

राधा-कृष्ण म्हटले की शहरातल्या वाचकापुढे बासरी आणि निळे चित्र येते. रत्नागिरीच्या नमन-खेळे या लोकनाट्यात गण झाल्यावर जी गवळण येते, तिच्यात कृष्णाइतकाच मान पेंद्याला आणि मावशीला असतो. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि मिशीवर पदर ओढून टोमणे मारणारी मावशी पाहून लोक पोट धरून हसतात. त्या गावातल्या मुलाने मुलीला ‘तू माझी राधा’ म्हटले तर तिला आधी मावशी आठवेल आणि हसू फुटेल. हे हसू लेखकाने फुकट घालवू नये. गंभीर होऊ पाहणारा मुलगा आणि हसू आवरत नसलेली मुलगी, ही प्रेमाची फार खरी सुरुवात आहे.

कोकणात दक्षिणेकडे दशावतार हे लोकनाट्य आहे. स्त्रीपात्रे पुरुषच करतात, कथा पुराणातली असते, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते ऐन वेळी रचतो. मध्यरात्र उलटल्यावर रंगात आलेली रुक्मिणी भावाला चार शब्द अधिक सुनावते आणि बायकांच्या घोळक्यातली एखादी मुलगी ते स्वतःचे समजून ऐकते, असा प्रसंग लिहिताना नटाच्या तोंडचे शब्द आपणच रचायचे असतात, आणि ते सफाईदार संस्कृतप्रचुर असावेत, कारण दशावतारी राजस्त्री मालवणीत बोलत नाही. मालवणी बोलतो तो विनोदी पात्र. निवेदन प्रमाण मराठीत, पात्रांचे बोलणे मालवणीत किंवा संगमेश्वरीत आणि पोथीचे शब्द पोथीसारखे, असे तीन थर स्पष्ट ठेवले तर संदर्भ कुठून आला ते न सांगता कळते.

सातवी पायरी: शेजारची घरे

कोकणचा किनारा एका धर्माचा नाही आणि प्रेमही तेवढ्यात राहत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरातला मुलगा लिहायचा असेल तर मराठी बायबलमधले गीतरत्न चटकन आठवते, पण उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब मला अधिक कामाचा वाटतो. राहेलसाठी तो तिच्या बापाकडे सात वर्षे राबतो, लग्नाच्या दुसऱ्या सकाळी तिची थोरली बहीण लेआ गळ्यात पडल्याचे त्याला कळते आणि राहेलसाठी तो आणखी सात वर्षांची सेवा पत्करतो. मुलीच्या बापाच्या होडीवर वाट्याच्या आशेने राबणाऱ्या खलाशाला ही गोष्ट सांगावी लागत नाही. एक सावधगिरी: ‘तुझे लोक ते माझे लोक’ हे रूथचे शब्द प्रियकर-प्रेयसीच्या तोंडी घालण्याची चाल आहे, मुळात ते एका विधवेने आपल्या सासूला उद्देशून म्हटलेले आहेत. हे ठाऊक असेल तर त्यांचा उपयोग सासू-सुनेच्या प्रसंगात कितीतरी चांगला होतो.

कोकणी मुसलमानांच्या घरातले पात्र असेल तर यूसुफ-जुलेखाचा उल्लेख जपून करावा. कुराणातली बारावी सूरा यूसुफची आहे, पण तिच्यात त्या स्त्रीचे नाव येत नाही. जुलेखा हे नाव पुढच्या परंपरेने दिले. धार्मिक घरातला वडीलधारा माणूस हा फरक करील आणि फारसी-उर्दू प्रेमकाव्यावर वाढलेला मुलगा करणार नाही, आणि त्या एका नावावरून दोघांचे स्वभाव वेगळे दाखवता येतील.

अलिबागच्या परिसरात बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, राहत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून ते एलियाहू नबीचे स्मरण करतात आणि लग्नकार्यातही मलिदा होतो. 1948 नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. शेजारच्या घरातून येणारा मलिद्याचा वाटा एका वर्षी येत नाही, इथून एक संपूर्ण कथा सुरू होऊ शकते.

आठवी पायरी: कोणाच्या भावना, कोणता मान

येथे थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचे कलम 299, जे 1 जुलै 2024 पासून जुन्या 295-अ च्या जागी आले, ते बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावण्याबद्दल आहे. सद्भावाने लिहिलेल्या प्रेमकथेला त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. कोकणात खरी ठिणगी पडते ती मानपानावरून. पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणे कोणत्या घराण्याने घालायचे, यावरून गावे वर्षानुवर्षे कोर्टात आहेत. कथेत एखाद्या खऱ्या गावाचे नाव घेऊन चुकीच्या घराण्याच्या हाती मान दिला, तर प्रेमकथा बाजूला राहून दुसरीच कथा सुरू होते. म्हणून तालुका खरा, गाव कल्पित आणि देवतेचे स्थान कल्पित ठेवावे. दोघांची जात वेगळी असेल तर देवळात कोण कुठवर जातो, हा प्रश्न टाळू नये. संदर्भ म्हणून देऊळ घ्यायचे आणि उंबऱ्याबद्दल गप्प बसायचे, ही लबाडी वाचकाच्या लक्षात येते.

नववी पायरी: खोडणे आणि वाचून दाखवणे

पहिला खर्डा झाला की प्रत्येक संदर्भ बोटाने झाकून परिच्छेद वाचावा. अर्थ जसाच्या तसा उरला तर तो संदर्भ शोभेचा होता, तो काढावा. अर्थ उरलाच नाही, म्हणजे संदर्भ न समजणाऱ्या वाचकाला प्रसंगच कळेनासा झाला, तर तो लंगडा आहे. झाकल्यावर प्रसंग उभा राहतो पण काहीतरी उणे वाटते, असा संदर्भ राखावा. एका कथेत एक मोठा आणि फार तर दोन लहान, यापलीकडे मी जात नाही. म्हणूनच माझ्या मसुद्यात कौल आहे, रुक्मिणीस्वयंवराची पोथी आईच्या हाती आहे, पण चतुर्थीचा चंद्र मला हवासा असूनही मी बाहेर ठेवला.

नंतर तो मसुदा ते व्रत करणाऱ्या एखाद्या बाईला वाचून दाखवावा. माझ्याकडून ऐकणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, निर्जळी उपास असलेली मुलगी तुम्ही दुपारी सरबत पिताना दाखवली आहे. दुसरी अशी की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर वाळू पाण्यात सोडतात, ती कुठे सोडली ते तुम्ही लिहिलेलेच नाही. पहिली चूक मी तिथल्या तिथे काढली. दुसरीने मात्र शेवट हातात दिला, कारण तोपर्यंत कथा मुंबईच्या पाहुण्यांच्या चहापाशी येऊन घुटमळत होती. आता चतुर्थीच्या पहाटे घरात गणपती आणण्याची गडबड आहे, तन्वीला माजघरातून बाहेर पडता येत नाही, आणि सायली केळीच्या पानात बांधलेली वाळू घेऊन घरामागच्या पुळणीकडे न वळता जेटीचा रस्ता धरते.